नऊ नंबरची हजेरी

“पण बाई, मग ती बोलत का नाही?”

निशिकांत भोईटेने हे तिसऱ्यांदा विचारलं. अनसूयाबाई पिसाळ ओसरीवर बसून पावटा सोलत होत्या. त्यांनी शेंग उकलली, दाणे परातीत सोडले आणि पुढची शेंग हातात घेतली.

“कोण?”

“अहो, कार्तिकी! अर्धा तास तिचंच तर सांगतोय.”

“अर्धा तास पाटीचं सांगतोयस. पोरीचं नाव आत्ता घेतलंस.”

निशिकांत गप्प झाला. पण फार वेळ नाही. गप्प बसणं त्याच्या पत्रिकेतच नव्हतं.

तो हुशार होता. हे साऱ्या बोरजाईवाडीला माहीत होतं आणि त्यालाही माहीत होतं, पंचाईत काय ती एवढीच. याच बाईंच्या हाताखाली त्याने मुळाक्षरं गिरवली, पुढे पुण्याला जाऊन शिकला आणि आता बाईंच्याच जुन्या शाळेत चौथीच्या वर्गावर शिक्षक होता. अडलं तर ये, असं बाईंनी सांगून ठेवलं होतं. तीन वर्षांत त्याचं काही अडलं नव्हतं. आज पहिल्यांदा तो पायरी चढला होता.

त्याच्या वर्गात कार्तिकी ढेबे नावाची दहा वर्षांची मुलगी होती. जन्मापासून तिचा अंगावर ताबा कमी. मान डुलायची, हात आपल्या मर्जीने चालायचा आणि तोंडातून शब्द उमटत नसे. डोकं मात्र लख्ख होतं. जूनमध्ये एका संस्थेने तिच्यासाठी एक यंत्र दिलं होतं. काचेवर चित्रं, चित्राला बोट लावलं की आतून एक बाई तो शब्द म्हणणार. पोरांनी त्याला नाव ठेवलं, बोलकी पाटी.

“संस्थेच्या ताई शुक्रवारी येणारेत,” निशिकांत म्हणाला. “पाटी वापरात नसेल तर दुसऱ्या मुलाला देणार. त्यांचंही बरोबर आहे, यादी मोठी आहे त्यांच्याकडं.”

“वापरात नाही का?”

“पाटीत नोंद राहते बाई. सहा महिन्यांत वर्गात एकोणचाळीस वेळा बोलली. त्यातलं एकतीस वेळा ‘पाणी’ नाहीतर ‘शू’.”

“उरलेले आठ?”

“‘हो’.”

“कशाला हो?”

“मी विचारायचो, कार्तिकी, समजलं का? तर… हो.”

बाई हसल्या. “तूही असंच म्हणायचास. काही समजलेलं नसायचं.”

निशिकांतला ते फारसं आवडलं नाही. त्याने पिशवीतून फाइल काढली. चारशे शब्दांची यादी, रंगीत, पानापानाला प्लास्टिकचं आवरण. फळं, भाज्या, पक्षी, वाहनं, किल्ले… दिवाळीची सगळी सुट्टी त्याने यात घातली होती. साताऱ्याला उपक्रमांच्या स्पर्धेत पहिला नंबर आला होता, त्याचं प्रमाणपत्रही फाइलच्या पहिल्याच पानावर होतं.

बाईंनी फाइल घेतली नाही. त्यांचे हात शेंगांच्या रसाने चिकट झाले होते.

“बाई…” निशिकांतचा आवाज एकदम खाली आला. “पाटी गेली तर ती पोरगी परत मुकी होईल हो. मी काय नाही केलं? सांगा तुम्ही.”

तो गर्विष्ठ होता, पण मनाचा वाईट नव्हता. डोळे भरून आले होते त्याचे आणि ते दिसू नयेत म्हणून तो परातीतल्या दाण्यांकडे बघत राहिला.

बाईंनी दोन शेंगा सोलल्या. तिसरी सोलली.

“उद्या येते मी वर्गावर.”

“पाटी बघायला?”

“मला चाळशीशिवाय भिंतीवरचं घड्याळ दिसत नाही, पाटी काय बघू? हजेरी घेते. ती येते मला.”

“हजेरी?”

“हं.”

“नुसती?”

“नुसती.”

घरी जाताना निशिकांतच्या मनात आलं, वय झालं बाईंचं. चौऱ्याहत्तर म्हणजे काही कमी नाही. पण हजेरीच का, हे काही त्याच्या डोक्यातून जाईना. रात्री जेवतानाही तो तेच घोळवत होता.

दुसऱ्या दिवशी बुधवार. प्रार्थना झाली आणि बाई वर्गात आल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. पिशवीत पावट्याच्या शेंगा, चांगल्या दोन किलोभर. पोरं उठून उभी राहिली. यांच्यातल्या निम्म्या पोरांच्या आयांना बाईंनी कान धरून पाढे शिकवले होते, तेव्हा दरारा घरूनच आला होता.

बाई निशिकांतच्या खुर्चीत बसल्या. त्याला त्यांनी भिंतीशेजारच्या बाकावर बसवलं आणि पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली.

“हे काय बाई?”

“पावटा.”

“ते दिसतंय हो…”

“तुला बोलावंसं वाटलं की एक शेंग सोलायची. बोलायचं नाही.”

पोरं खुदकन हसली. निशिकांतने कसंनुसं हसून पिशवीचं तोंड उघडलं. हा काय प्रकार आहे, असं त्याला विचारायचं होतं. त्याने पहिली शेंग सोलली.

बाईंनी वही उघडली, चाळशी लावली आणि वाचायला सुरुवात केली. आधी सगळ्या मुली, मग मुलगे.

एक नंबर, हजर बाई. दोन नंबर, हजर बाई. हजेरीला एक ताल असतो, शाळा कुठलीही असो. पोरं त्या तालावर उठतात, बसतात, निम्म्यांचं तर लक्षही नसतं.

“ऐश्वर्या साळुंखे.” आठ नंबर.

“हजर बाई!”

“कार्ति…”

“हजर बाई!” गौतमी उभी राहून मोकळी झाली.

बाईंनी चाळशीवरून पाहिलं. “तू कार्तिकी?”

“नाही बाई, मी गौतमी. दहा नंबर.”

“मग उठलीस का?”

गौतमी गोंधळली. तिने निशिकांतकडे पाहिलं, मग ऐश्वर्याकडे. “ऐश्वर्यानंतर माझाच नंबर असतो बाई.”

“आणि नऊ?”

“नऊचं नाव नसतंय हजेरीत!”

निशिकांतने पिशवीत हात घातला. खरं तर त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. रोज कार्तिकीला एका शब्दासाठी कशाला ताटकळत ठेवायचं, सगळी पोरं तिच्याकडे बघत राहणार, तिला अवघडल्यासारखं होणार. समोर तर दिसतेच. म्हणून तो हाक न मारताच वहीत तिच्या नावापुढे खूण करून टाकायचा. दया होती ती, आळस नव्हता. हे बाईंना सांगायलाच हवं होतं.

त्याने शेंग सोलली. मग आणखी एक.

“कार्तिकी ढेबे,” बाईंनी नाव घेतलं. पूर्ण घेतलं, शेवटच्या अक्षरापर्यंत.

पहिल्या बाकाशेजारी, तिच्या चाकांच्या खुर्चीत कार्तिकीची मान वर आली. तिने बाईंकडे पाहिलं. मग खुर्चीला जोडलेल्या समोरच्या फळीकडे पाहिलं. फळी रिकामी होती.

“पाटी कुठाय हिची?” बाईंनी विचारलं.

आता तरी बोलणं भाग होतं. “कपाटात आहे बाई. भाषेच्या तासाला काढतो. जपावी लागते, महागाची वस्तू.”

“कुलूप असतं?”

“असतं.”

“किल्ली कुणाकडं?”

“माझ्याकडं.”

“हं…” बाई म्हणाल्या.

निशिकांतने उठून कपाट उघडलं. पाटी फळीवर ठेवली, सुरू केली. किल्ली परत खिशात जाताना दोनदा खाली पडली. तो पुन्हा बाकावर येऊन बसला.

“कार्तिकी ढेबे.” बाईंनी पेन खाली ठेवलं आणि हाताची घडी घातली.

कार्तिकीचा हात निघाला. डावीकडे जायचं असलं की तो आधी उजवीकडे जायचा, मग खाली, मग एकदम काचेवर आपटायचा आणि परत उडायचा. हे सगळं निशिकांतला पाठ होतं. एरवी अशा वेळी तो मदत करायचा. हिरवं बटण बघ, बाळ. वरचं, वरचं. शाब्बास, आता दाब.

त्याने शेंग सोलली.

वर्गात चुळबूळ झाली. मागे कुणीतरी खोकलं. बाहेर स्वयंपाकाच्या खोलीत भामाबाई तांदूळ निवडत होत्या, त्या सुपाचा आवाज ऐकू यायला लागला.

शेंग. शेंग. आणखी एक…

वेळ किती जातो म्हणून त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. एक मिनिटसुद्धा झालेलं नव्हतं. त्याच्या मांडीवर मात्र अकरा शेंगांची टरफलं पडली होती.

तेवढ्यात पाटी बोलली. शहरातल्या बाईच्या स्वच्छ, शांत आवाजात ती म्हणाली,

“नाही.”

सगळा वर्ग वळला. कार्तिकी बाईंकडे बघत होती. तोंड किंचित उघडं, डोळे असे की आता पुढे काय होतं ते बघूच.

“नाही?” बाईंनी विचारलं.

“नाही,” पाटी म्हणाली.

“बरं.” बाईंनी लाल पेन उचललं आणि नऊ नंबरच्या पुढे गैरहजेरीचा ‘अ’ लिहिला. “गौतमी मोहिते.”

“ह… हजर बाई.”

निशिकांत अर्धवट उठलाच. ती समोर बसलीय! चुकून दाबलं गेलं असेल! वहीत खाडाखोड चालत नाही, तपासणीला कोण उत्तर देणार? त्याने इतक्या जोरात शेंग उकलली की दाणे फरशीवर उडाले.

बाई तेवीस नंबरपर्यंत शांतपणे वाचत गेल्या. शेवटी त्यांनी वही मिटली.

“गौतमी, भामाबाईंना सांग जा. आज खिचडीला बावीस.”

दुपारची खिचडी हजेरीच्या आकड्यावर शिजते. पोरांना हा आकडा रोज पाठ असतो आणि पट तेवीसचा होता, आज कुणी घरी राहिलं नव्हतं. बावीस म्हणताच सगळ्यांच्या माना कार्तिकीकडे गेल्या. गौतमी दाराशी जाऊन अडखळली.

“चूक,” पाटी म्हणाली.

बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

“चूक. चूक. चूक.” आतली बाई प्रत्येक वेळी तितक्याच शांतपणे म्हणत होती, आणि कार्तिकीचा चेहरा लालबुंद झाला होता.

“कोण चुकलं?”

हात पुन्हा फिरायला लागला. निशिकांतला कळलं ती काय शोधतेय. पाटीत ‘सर’ होतं, सगळ्यात वर, पहिल्या रांगेत, त्यानेच घातलेलं. ‘बाई’ नव्हतं. शाळेत बाई नव्हत्या, म्हणून त्याला सुचलंच नव्हतं. सांगावं का तिला, की नाहीये तो शब्द? त्याने तीन शेंगा सोलल्या.

“आजी,” पाटी म्हणाली. थोड्या वेळाने, “चूक.”

वर्गात हशा फुटला. पोरं बाकं बडवायला लागली. अनसूयाबाई पिसाळांना चाळीस वर्षांच्या नोकरीत न भेटलेलं, तोंडावर चूक म्हणणारं पोर आज भेटलं होतं. बाईंनी काठी एकदा आपटली, तसा वर्ग गप्प झाला. पण चाळशीमागे त्यांचे डोळे चमकत होते.

“मी चुकले? कशावरून?”

शेंग. शेंग. शेंग. शेंग…

“मी,” पाटी म्हणाली. मग बराच वेळ काहीच नाही. मग, “इथे.”

“मघाशी तूच नाही म्हणालीस की. बावीस पोरांनी ऐकलंय.”

आता कार्तिकी खरीच पेचात पडली. तिने पान उलटलं. आंबा, केळ, पेरू. पान उलटलं. वांगं, गवार, दोडका. खंड्या, भारद्वाज, धनेश. निशिकांत तिच्या मागून काचेकडे बघत होता आणि शेंगा सोलायचं विसरला होता. धनेश पक्ष्याचं चित्र मिळवायला त्याने एक अख्खी संध्याकाळ घालवली होती. ही पोरगी काय शोधतेय? तिला काय म्हणायचंय? सहा महिन्यांत हा प्रश्न आपल्याला पडलाच नव्हता, हे त्याच्या तेव्हाच लक्षात आलं आणि त्याला फार वाईट वाटलं.

पान उलटलं. विमान, बैलगाडी, होडी. पान उलटलं. चारशे शब्द होते, आणि तिला हवा तो एक नव्हता.

“सांग, सांग,” मागून एक पोरगं कुजबुजलं. बाईंनी नुसतं बोट वर केलं, तसं तेही गप्प बसलं. पण आता कुणी चुळबूळ करत नव्हतं. सगळा वर्ग श्वास धरून तिच्या हाताकडे बघत होता.

ती सरावाच्या पानावर आली. तिथे चूक, बरोबर, खरं, खोटं असे शब्द होते, चाचणीत उत्तर द्यायला घातलेले.

“खोटं,” पाटी म्हणाली.

“खोटं बोललीस? हजेरीला?” बाईंनी भुवया चढवल्या.

हात पुन्हा निघाला. क्रियापदांच्या पानावर गेला. खाणे, पळणे, झोपणे यांच्यावरून घसरला, परत आला आणि आपटला.

“हसणे.”

एक क्षण कुणाला काही कळलं नाही. मग गौतमीला कळलं. दाराशी उभी होती ती, तिथूनच ओरडली, “बाई, ती गंमत करत होती! गंमत केली तिनं तुमची!”

कार्तिकीची मान मागे गेली आणि ती हसली. सगळ्या अंगाने हसली, खुर्चीची चाकं कुरकुरली. घशातून निघालेला तो आवाज निशिकांतने याआधी कधी ऐकला नव्हता. पोरं तर लोळायचीच बाकी होती.

“माझी गंमत,” बाई म्हणाल्या. “चांगलंय. गौतमी, तेवीस सांग भामाबाईंना.”

मग त्या उठल्या, काठी टेकत कार्तिकीपाशी गेल्या आणि तिच्यापुढे थोड्या वाकल्या.

“उद्या मी नाही यायची. उद्या तुझे सर नाव घेतील. काय म्हणायचं ते तू ठरव.”

दुपारी खिचडीच्या वेळी पाटी कपाटात गेली नाही. पोरं ताटं घेऊन कार्तिकीभोवती बसली. ‘गंमत’ शब्द पाटीत घालायचाच असा ठराव झाला होता आणि आणखी काय काय हवं याची तिने बोटाने यादीच चालवली होती. मध्येच शांत आवाजात पाटी म्हणे, “खिचडी. खोटं.” मीठ कमी होतं त्यात. भामाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

निशिकांतने नोंद पाहिली. सकाळपासून एकशे चार.

शुक्रवारची धास्ती आता उरली नव्हती. आनंद व्हायला हवा होता, आणि होतही होता. पण हजेरीची वही त्याने बगलेत मारली. तो पिशवी घेऊन व्हरांड्यात बाईंपाशी आला. शेंगा निम्म्या संपल्या होत्या. सोललेले दाणे त्याने रुमालात बांधून दिले.

बाईंनी गाठोडं हातात तोललं. “बरेच झाले की.”

“बाई… एवढं मी रोज बोलतो?”

बाईंनी दाणे पिशवीत ठेवले. संध्याकाळच्या आमटीला पुरले असते.

त्याने बगलेतली वही काढली आणि उघडली. नऊ नंबरच्या ओळीत जूनपासून निळ्या खुणा एकापुढे एक होत्या, कुठे खंड नाही, कुठे डाग नाही. शेवटच्या रकान्यात तेवढा लाल ‘अ’.

“‘हजर’ शब्द आजच घालतो पाटीत. आणि ‘गंमत’, आणि ‘बाई’. ती सांगेल ते सगळं घालतो.”

“हं.”

“आणि किल्ली…” तो थांबला. किल्ली त्याने खिशातून काढून वहीवर ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिला.

बाई पायरी उतरायला लागल्या होत्या. त्याने धावत जाऊन त्यांचा हात धरला. एक पायरी, दुसरी पायरी…

“बाई, एवढं एक सांगा. तो लाल ‘अ’ खोडू ना? ती तर हजर होती.”

बाईंनी शेवटच्या पायरीवर काठी टेकली. आत कुणीतरी कार्तिकीला काहीतरी विचारलं होतं आणि सगळी पोरं गप्प बसून वाट बघत होती. बाईही ऐकत थांबल्या…

“तो राहू दे,” त्या म्हणाल्या. “आधीच्या सगळ्या हजऱ्या खोड.”